धुळे, जळगाव आणि हॅमिल्टन : वैद्यकशिक्षणातील एका बदलाचा मागोवा

वैद्यकीय प्रवेशाची गुणवत्ता यादी लागली की खानदेशातल्या ज्या घरात 'नीट' दिलेले मूल असते, त्या घरात आठ-दहा दिवस दुसरा विषय निघत नाही. पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा असतो. कोणते महाविद्यालय वर, कोणते खाली, एवढाच प्रश्न. पण त्यावर पुढची साडेपाच वर्षे आणि कदाचित पुढचे सगळे आयुष्य ठरणार असते. दोन वर्षांपूर्वी ही वेळ आमच्या घरी आली. भाचीचे गुण असे होते की धुळे, जळगाव, नंदुरबार ही तिन्ही सरकारी महाविद्यालये आवाक्यात होती, आणि लांबची दोन-तीनही. मेहुण्यांनी कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले : फी, अंतर, वसतिगृह. आमची आई ओट्यावरून म्हणाली, "घरनं कॉलेज सोडीसन इतलं लांब कसाले जाणं?" भाची थोडा वेळ गप्प होती. मग तिने वडिलांच्या हातातून पेन घेतले आणि चौथा रकाना पाडला. त्याच्या डोक्यावर लिहिले : 'कसे शिकवतात?'

"मामा," ती मला म्हणाली, "एका कॉलेजमध्ये पीबीएल आहे म्हणे. म्हणजे काय असतं? आणि ते असलं म्हणजे कॉलेज चांगलं समजायचं का?"

मी इतिहासाचा माणूस. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद चाळण्यात आयुष्य गेले. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रक्तदाबाच्या गोळीपुरता. त्यामुळे मी तिला लगेच उत्तर दिले नाही. मात्र प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि पुढे वाचता वाचता लक्षात आले की आपल्या भागातल्या कुणा विद्यार्थ्याने असा चौथा रकाना पाडणे हीच नवी गोष्ट आहे. तो पाडता यावा यासाठी आधी निवड करण्याजोगे काहीतरी हातात असावे लागते. खानदेशाच्या वाट्याला ते फार उशिरा आले.

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले तेव्हा त्याच्या कक्षेत बारा जिल्हे होते आणि त्यांत पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश हे दोन्ही होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. पुण्याकडे उरले पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव. या पाच जिल्ह्यांतल्या मुलांसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच : पुण्याचे बी. जे. तेही आधी वैद्यकीय शाळा होते, पदवीचे महाविद्यालय झाले ते १९४६ साली. पुण्यात लष्कराचे महाविद्यालय होते, पण त्याचे प्रवेश देशपातळीवरचे. चोपड्याच्या, शिरपूरच्या किंवा साक्रीच्या मुलाने डॉक्टर व्हायचे म्हणजे बी. जे.च्या यादीत नाव लागले पाहिजे. नाही लागले तर आयुर्वेद, होमिओपॅथी, नाहीतर बी.एस्सी.

"मुंबईला का नाही जायचे?" असे कुणी विचारील. त्याचे उत्तर त्या काळच्या प्रवेशनियमात आहे. ज्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या शाळा-महाविद्यालयातून मूल शिकले, त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने प्रवेश घ्यायचा, असा राज्याचा नियम होता. निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केला. स्थानिकांसाठी जास्तीत जास्त ७० टक्के जागा ठेवता येतील, बाकीच्या सर्वांसाठी खुल्या राहतील, असे न्यायालयाने सांगितले. पुढे ज्याला आपण सत्तर-तीसचे सूत्र म्हणू लागलो त्याचा उगम हा. काळाच्या ओघात त्या सूत्राचे तीन विभाग झाले : विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. खानदेश त्या 'उर्वरित'मध्ये, मुंबई-पुण्याच्या पंगतीत. मराठवाड्याचे मागासलेपण निदान नावाने ओळखले गेले. आमचे उर्वरितात विरघळले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने हे सूत्रच रद्द केले आणि यादी राज्यभराची झाली.

दरम्यान इकडे महाविद्यालये उभी राहत होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पाठोपाठ मोराण्याला अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या स्मरणार्थ खासगी महाविद्यालय आले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात जळगाव खुर्दला डॉ. उल्हास पाटील महाविद्यालय सुरू झाले. २०१८ साली जळगावच्या जिल्हा रुग्णालयाला जोडून शासकीय महाविद्यालय झाले आणि २०२० साली नंदुरबारला. पाच जिल्ह्यांत एक इथपासून खानदेशातच पाच इथपर्यंतचा हा प्रवास जेमतेम ३५ वर्षांचा. माझ्या पिढीने निवड केली नाही, आम्हाला जे मिळाले ते आम्ही घेतले. भाचीच्या पिढीला निवडायचे आहे, आणि निवडायचे कसे हे सांगायला घरात अनुभवी कुणी नाही.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो.

वैद्यकशिक्षण म्हणजे आधी दोन वर्षे मृतदेह, हाडे, परीक्षानळ्या आणि पाठांतर, मग रुग्ण, ही जी विभागणी आपण गृहीत धरतो ती पुरातन नाही. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड यांनी शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातल्या खाटेपाशी शिकवण्यावर भर दिला होता. भाऊ दाजी लाड हे तिथल्या पहिल्या पदवीधरांपैकी. विभागणीची भिंत पक्की झाली ती विसाव्या शतकात, आणि तिच्या उभारणीत एका अहवालाचा मोठा हात आहे. अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका व कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा स्वतः फिरून पाहिल्या आणि १९१० साली अहवाल लिहिला. तो स्वतः डॉक्टर नव्हता. त्या काळी पैसे भरून पदवी देणाऱ्या शाळांचा सुळसुळाट होता. फ्लेक्सनरने नावे घेऊन त्यांची लक्तरे वेशीवर टांगली. वैद्यकशिक्षण विद्यापीठात हवे, प्रयोगशाळेच्या पायावर हवे, असा त्याचा आग्रह. तो योग्यच होता. पण फ्लेक्सनरला हवा होता हाताने करून शिकणारा विद्यार्थी, आणि जगाने त्याच्या अहवालातून उचलले ते वेळापत्रक : आधी दोन वर्षे विज्ञान, नंतर दोन वर्षे रुग्णालय.

त्याच १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टराचा एक लेख प्रसिद्ध झाला. रुग्ण होता कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. धाप, कावीळ, अंगदुखी, पायावर जखमा. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिले ते हेरिकच्या हाताखालच्या अर्नेस्ट आयर्न्स या नवशिक्या इंटर्नने, १९०४ साली. तांबड्या पेशी गोल नव्हत्या. विळ्यासारख्या वाकड्या होत्या. आयर्न्सला उत्तर माहीत नव्हते, हेरिकलाही नव्हते. लेखात त्यांनी ते लपवलेही नाही. नोएल दंतवैद्य होऊन मायदेशी परतला आणि १९१६ साली, ऐन तिशीत वारला. सिकलसेल हा आजार जगाने पहिल्यांदा कागदावर पाहिला तो असा. फ्लेक्सनर आणि हेरिक यांचे साल एक असणे हा योगायोग आहे. पण मला तो उपयोगी पडला, म्हणून नोंदवून ठेवतो. पुढे तो लागणार आहे.

भिंतीला पहिले मोठे भगदाड पडले कॅनडातल्या हॅमिल्टन या पोलादनगरीत. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठाने नवे वैद्यकीय विद्यालय काढायचे ठरवले आणि जॉन इव्हान्स या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला १९६५ साली अधिष्ठाता नेमले. इव्हान्स तेव्हा पस्तिशीत होते. जुनी इमारत नाही, जुने प्राध्यापक नाहीत, त्यामुळे जुन्या सवयीही नाहीत. १९६९ साली २० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. त्यांना ॲनाटॉमीची वेगळी व्याख्यानमाला नव्हती, फिजिऑलॉजीची वेगळी नव्हती. पाच-सात जणांचा गट, एक शिक्षक आणि समोर एका रुग्णाची हकिकत. त्या हकिकतीतून काय कळत नाही ते शोधायचे, वाटून घ्यायचे, ग्रंथालयात जायचे, परत येऊन एकमेकांना सांगायचे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पुढे हॉवर्ड बॅरोज हे मेंदूविकारतज्ज्ञ तिथे आले. रुग्णाचे हुबेहूब सोंग वठवणाऱ्या माणसांकडून विद्यार्थ्यांना शिकवण्याची युक्ती त्यांनी १९६३ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली होती. समस्याधारित अध्ययन, म्हणजेच पीबीएल, या पद्धतीला शिस्त आणि लिखित रूप देण्यात बॅरोज यांचा मोठा वाटा. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टने १९७४ साली ही पद्धत उचलली आणि तिच्या सात पायऱ्या ठरवल्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने १९७८ साली. आणि १९८५ साली खुद्द हार्वर्डने एका छोट्या तुकडीवर प्रयोग सुरू केला तेव्हा जगाला ती प्रतिष्ठित वाटू लागली. प्रतिष्ठा अशीच येते. हॅमिल्टनने १६ वर्षे केलेले काम हार्वर्डने हात लावल्यावर बातमी झाले.

१९६९ हे साल आपल्याकडेही कुणी विसरू नये. गांधीजन्मशताब्दीच्या त्या वर्षी वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या या बाईंनी इव्हान्सचे नाव ऐकले होते की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांची वाट वेगळीच होती. सेवाग्रामचा विद्यार्थी पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतो, खादी वापरतो. त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते, तुकडी त्या गावात मुक्कामाला जाते, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि त्या कुटुंबांकडे तो पुढची वर्षे जात राहतो. अभ्यासक्रम मात्र तेव्हा नागपूर विद्यापीठाचा होता, परीक्षा इतरांसारखीच, व्याख्यानेही इतरांसारखीच. तेव्हा सेवाग्रामला पीबीएल होते असे म्हणणे चूक ठरेल. हॅमिल्टनने वर्गाची रचना बदलली आणि समस्या कागदावर आणली. सेवाग्रामने वर्ग तसाच ठेवला आणि विद्यार्थ्याला समस्येच्या दारात नेऊन उभे केले. एकाच वर्षी, एकमेकांना न विचारता, दोन ठिकाणी लोकांना एकच गोष्ट खटकली होती.

भाचीला हे सगळे सांगितले तेव्हा तिने जांभई दिली नाही, पण ती म्हणाली, "मामा, हा इतिहास झाला. त्या खोलीत बसून करतात काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून मी एका कागदावर एक हकिकत लिहिली. ती काल्पनिक आहे, पण सातपुड्याच्या पायथ्याशी काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

धडगाव तालुक्यातली १४ वर्षांची मुलगी. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, मुलगीही बरोबर. तीन दिवसांपासून हातपाय आणि पाठ असह्य दुखते. डोळे पिवळसर. याआधी दोनदा असे झाले. दोन्ही वेळा वात समजून कुणीतरी इंजेक्शन दिले. धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना तापात गेला. एवढेच.

आता आठ जण गोल बसले आहेत, शिक्षक कोपऱ्यात. मास्ट्रिख्टच्या पायऱ्यांनी जायचे तर आधी न कळलेले शब्द काढायचे. मग प्रश्न ठरवायचा : काय समजावून सांगायचे आहे? दुखणे, कावीळ, की भावाचा मृत्यू? की तिन्ही एकच? तिसरी पायरी डोक्यात येईल ते बोलण्याची. कुणी म्हणतो मलेरिया, कुणी सांधेवात, कुणी हाडाचा जंतुसंसर्ग. चौथ्या पायरीला ते फळ्यावर जुळवून पाहायचे. पाचवीला शिकायच्या गोष्टींची यादी करायची, आणि ही यादी शिक्षकाने नव्हे, गटाने करायची. सहावी पायरी खोलीबाहेरची : दोन-तीन दिवस वाचन. सातवीला परत येऊन सांगायचे, तपासायचे, भांडायचे.

यादीत काय येईल पाहा. तांबडी पेशी किती दिवस जगते, तुटली की डोळे पिवळे का होतात : ही फिजिऑलॉजी. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की काय होते : ही बायोकेमिस्ट्री. हेरिकच्या रुग्णाचा आजार रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले, आणि नेमका बदल व्हर्नन इन्ग्रॅमने १९५६ साली शोधला, हे त्याच ओघात येते. आई आणि बाप दोघेही निरोगी दिसतात, मग मुलीला कसे : हे आनुवंशशास्त्र. ऊसतोडीत ऊन, कमी पाणी आणि श्रम यांनी दुखण्याचा झटका का येतो : इथे शरीरशास्त्र आणि मजुरीचा बाजार एकाच ओळीत येतात. भाऊ तापात गेला त्याचा प्लीहेशी संबंध काय? नीलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांना आढळला. सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके त्यावर काम केले आणि त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. हे सगळे माहीत असूनही त्या मुलीला दोनदा नुसते इंजेक्शन का मिळाले? आणि उद्या तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तर तिच्या घरी काय सांगायचे, कुणी, आणि कोणत्या भाषेत?

तोच विषय व्याख्यानात ५० मिनिटांत होतो. सिकलसेलचे कारण, लक्षणे, तपासण्या, उपचार, चार स्लाइड. परीक्षेत उत्तरही बरोबर येते. फक्त त्यात सांधेवात समजण्याची चूक विद्यार्थ्याने स्वतः केलेली नसते. गटात ती त्याने केलेली असते, सात जणांसमोर, आणि ती विसरणे कठीण जाते. माझ्या मते पीबीएलचे सगळे बळ या एका गोष्टीत आहे : चुकायला सुरक्षित जागा.

पण पद्धतीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. १९९२-९३ या दोन वर्षांत तिचे हिशेब मांडणारे मोठे आढावे प्रसिद्ध झाले. नॉर्मन आणि श्मिट, अल्बानीज आणि मिचेल, व्हर्नन आणि ब्लेक अशा जोड्यांनी तोवरचे अभ्यास गोळा केले. निष्कर्ष साधारण असा : या पद्धतीने शिकलेले विद्यार्थी रुग्णासमोर थोडे बरे ठरतात, शिकताना जास्त रमतात, पण मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत थोडे मागे राहू शकतात. फरक डोंगराएवढा कुठेच नाही. आणि खर्च? एका गटात आठ जण धरले तर १५० जणांच्या तुकडीचे १९ गट होतात. १९ खोल्या आणि १९ शिक्षक, तेही एकाच वेळी, आणि असे शिक्षक की ज्यांना गप्प बसता येते. आपल्याकडे यातले शेवटचे सर्वांत दुर्मिळ.

भारतात ही हवा आली ती अशी टप्प्याटप्प्याने. १९४६च्या भोर समितीने समाजाकडे पाहणारा डॉक्टर घडवण्याची भाषा आधीच केली होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीचे एम्स, बनारस हिंदू विद्यापीठ, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुदुच्चेरीचे जिपमेर यांनी एकत्र येऊन चौकसपणावर आधारलेल्या शिक्षणाचा गट केला. त्या पहिल्या चारांत महाराष्ट्र नव्हता. १९९७ साली भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या नियमांनी नुसती व्याख्याने पुरेशी नाहीत, लहान गटात शिकवा, असे सुचवले. त्याच नियमांनी पहिला टप्पा १८ महिन्यांवरून १२ वर आणला. म्हणजे एका हाताने विचार करायला सांगितले आणि दुसऱ्या हाताने विचाराची सवड काढून घेतली. २००५ साली मुंबईच्या सेठ गो. सुं. महाविद्यालयात वैद्यकशिक्षकांना शिकवण्याचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. आणि २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम देशभर लागू झाला. त्यात व्याख्याने एक तृतीयांशाहून जास्त नकोत असा दंडक आहे, पहिल्या वर्षापासून रुग्णाची भेट आहे, स्वाध्यायाचे तास आहेत, संवाद आणि नीतिमत्ता हा विषय आहे. २०२१-२२च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची हेही आले. सेवाग्रामची जुनी रीत राष्ट्रीय नियम झाली, ५० वर्षांनी.

याचा अर्थ भाचीसाठी असा की तिच्या चौथ्या रकान्यात कागदोपत्री सगळीकडे एकच उत्तर होते. धुळ्याचे, जळगावचे, नंदुरबारचे, मुंबईचे, सगळ्यांचा अभ्यासक्रम एक, विद्यापीठ एक : १९९८ साली नाशिकला स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. 'आमच्याकडे पीबीएल आहे' ही ओळ कोणत्याही महाविद्यालयाला खोटे न बोलता लिहिता येते. फरक असलाच तर त्या ओळीच्या मागे आहे, आणि तो जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले ते याच कारणाने. बखरीत लिहिलेले आणि घडलेले यांत अंतर असते, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून आम्ही गेलो. नावे सांगत नाही, कारण एका दिवसाच्या भेटीवरून कुणाला वर-खाली ठरवणे बरे नव्हे. भाचीने दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना कॅन्टीनमध्ये गाठून चारच गोष्टी विचारल्या. गटात तुम्ही किती जण असता? शेवटची समस्या कोणती होती, आठवते का? शिक्षक उत्तर सांगतात की थांबतात? आणि रुग्णाशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता? एका ठिकाणी गट म्हणजे पन्नास जण निघाले. एका ठिकाणी मुलाला शेवटची समस्या आठवेना, पण स्लाइडची फाइल फोनमध्ये होती. आणि एका ठिकाणी एक मुलगी पंधरा मिनिटे थांबलीच नाही. शेतात फवारणी करताना पडलेल्या माणसाची हकिकत त्यांना दिली होती. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी का झाली इथून सुरू होऊन ती कपाशीच्या भावापर्यंत पोचली होती. मेहुणे हळूच मला म्हणाले, "ही आत्ताच डॉक्टर वाटते."

भाषेच्या प्रश्नावर मात्र सगळीकडे थोडी शांतता पसरली. गटातली चर्चा इंग्रजीत, वॉर्डातले बोलणे मराठी-हिंदीत, आणि समोरच्या खाटेवरची बाई अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारी. लातूरहून, पुण्याहून आलेल्या मुलाने तिची हकिकत घ्यायची. हॅमिल्टनच्या पुस्तकांत या अडचणीचे उत्तर शोधून उपयोग नाही. आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. ज्या मुलांनी दोन वर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केला, त्यांना पर्याय नसलेल्या खोलीत बसवायचे. आणि साडेपाच वर्षांनी पुन्हा पदव्युत्तर प्रवेशासाठी चार पर्यायांच्याच परीक्षेला बसवायचे. हे मुलांना पहिल्या वर्षीच कळते. तिसऱ्या वर्षापासून अनेक जण गटात शरीराने असतात आणि कानात क्लासचे व्हिडिओ. दोष मुलांचा नाही. शेवटी ज्याचे गुण मिळतात तेच माणूस शिकतो, आणि ही परीक्षा बदलल्याशिवाय अभ्यासक्रमाचे सुंदर खंड कपाटात राहतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाचीने पसंतीक्रम भरला. कोणते नाव पहिले ठेवले ते मी सांगणार नाही. तिला अजून तिथेच शिकायचे आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते फार लांब नाही एवढे सांगतो. गेल्या पावसाळ्यात ती दत्तक कुटुंबाच्या भेटीला गेली होती. घरातल्या आजीने तिला पाहताच विचारले, "तू डॉक्टर शेस का?" ती नाही म्हणाली. आजी म्हणाली, मग बस. रक्तदाबाच्या गोळ्या कोनाड्यात होत्या, तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेच्या, निम्म्या उरलेल्या. आजी त्या चक्कर येईल त्या दिवशीच घेत होती. तिच्या हिशेबाने ते काटकसरीचे होते. भाचीने लॉगबुक उघडले. त्यात रक्तदाब लिहायला रकाना होता, वजन लिहायला होता, औषधाचे नाव लिहायला होता. गोळ्या का उरल्या हे लिहायला नव्हता. परत आल्यावर तिने गटात तो प्रश्न मांडला आणि पुढच्या बैठकीपर्यंत आठही जणांनी आपापल्या कुटुंबांत उरलेल्या गोळ्या मोजून आणायच्या असे ठरले. ती बैठक दिवाळीनंतर आहे.